बटन सेल

ही गोष्ट खरी आहे. कोणाला पटो न पटो.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात. यात रात्र नाही. ही गोष्ट दुपारची आहे, दुपारी चारची. उन्हं खिडकीतून आत आलेली असतात, बाहेर पोरं क्रिकेट खेळत असतात, शेजारच्या घरात टीव्ही चालू असतो... अशा वेळची.

जागा कोपरखैरणे, नवी मुंबई. माथाडी वसाहतीतलं तळमजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. महिना डिसेंबर, मागच्या वर्षीचा.

ज्याच्या घरात हे घडलं त्याचं नाव किसन. वय एकावन्न. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये माथाडी. मूळचा साताऱ्याकडचा, पाटणच्या वरचा. दारूला कधी शिवला नाही. उतारा, लिंबू, अंगात येणं, असल्या कशावर त्याचा विश्वास नव्हता.

आता विचारलं तर तो विषय बदलतो.

किसनच्या बायकोचं नाव प्रियदर्शिनी. शिकलेली, बी.एस्सी. झालेली, तेही गणितात. तिचे वडील किसनच्याच टोळीचे मुकादम होते. माणूस सरळ आहे म्हणून त्यांनी हाताखालच्या पोराला मुलगी दिली. लोक हसले. ती नाही हसली. पुढच्या खोलीत तिने दहावी-बारावीच्या शिकवण्या सुरू केल्या आणि चोवीस वर्षं घेतल्या. मुलं तिला मॅडम म्हणायची. किसनपण मॅडमच म्हणायचा. आधी चेष्टेत, मग सवयीने.

त्यांना मूल झालं नाही. घरात तिघंच. किसन, मॅडम आणि किसनची आई, वेणूबाई.

मॅडमकडे एक जुना कॅल्क्युलेटर होता. दुकानात असतो तसला नाही. पंज्यापेक्षा मोठा, काळा, वर सरकवायचं झाकण. हा पडद्यावर ग्राफ काढून दाखवायचा. त्यात एबीसीडीपण लिहिता यायची. ती कॉलेजात असताना तिच्या मामाने आणलेला. मामा बोटीवर नोकरीला होता. म्हणजे वस्तू सत्तावीस वर्षांची. पोरांच्या हातात मोबाईल आले तरी तिने तो सोडला नाही.

त्याच्या पाठीमागे चार बारीक पेन्सिल सेल. आणि त्यांच्या बाजूला, एका स्क्रूच्या झाकणाखाली, एक बटन सेल. रुपयाच्या नाण्याएवढा.

लग्न झालं त्या वर्षी किसनने विचारलं होतं, "चार सेल असताना हा पाचवा कशाला?"

"आठवणीसाठी," ती म्हणाली होती.

"कसली आठवण?"

"आत जे लिहून ठेवलंय ते. पेन्सिल सेल बदलायला काढले की तेवढा वेळ बटन सेल सगळं सांभाळतो. बटन सेल बदलायचा तर पेन्सिल सेल सांभाळतात. एक तरी आत पाहिजे. दोन्ही एकदम काढायचे नाहीत, अहो. काढले की ह्याला काही आठवत नाही. कोरा होतो."

किसनने मान डोलावली होती.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर मॅडमची फुप्फुसं बिघडली. दम लागायला लागला. मग ऑक्सिजन. मग आयसीयू. घशातून नळी घातली आणि तिचं बोलणं बंद झालं.

आत मोबाईल न्यायला बंदी होती. कागद-पेन दिलं, पण आडवं पडून तिला लिहिता येईना. हाताला सुया. दुसऱ्या दिवशी तिने किसनकडे बघून अंगठा हलवला. टक, टक, टक... हवेतच. किसनला पाच मिनिटं कळलं नाही. मग कळलं.

त्याने कॅल्क्युलेटर आणून दिला.

भेटायची वेळ दिवसातून दोनदा. सकाळी अकरा आणि दुपारी चार. दहा मिनिटं फक्त. मधल्या वेळात जे सांगायचं ते ती अंगठ्याने लिहून ठेवायची. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. ते उघडायला तीन बटणं दाबायची. तिने ती त्याला दाखवली होती. किसन आला की उघडायचा आणि एकेक अक्षर लावत वाचायचा. ती लिहायची ते इथे सरळ मराठी अक्षरांत दिलं आहे.

"आईंची बीपीची गोळी संपली असेल. आणा."

"पाण्याची टाकी भरताना झोपू नका. मागच्या वेळी जिन्यापर्यंत पाणी गेलं."

"दाढी करा. काल नर्सने विचारलं, हे कोण? मी मान हलवली, ओळखत नाही."

हे वाचून किसन हसला होता. तीपण हसली होती. नळीमुळे आवाज नाही, फक्त खांदे हलले.

अकरा दिवस असं चाललं.

बाराव्या दिवशी, गुरुवारी, सकाळी निघताना तो म्हणाला, "चारला येतो."

तिने बोटं दाखवली. चार.

त्या दिवशी दोन वाजता नाशिकची कांद्याची गाडी लागली. टोळीतला माणूस गाडी अर्धी खाली करून जात नाही, हा मार्केटचा रिवाज आहे. त्याने नुसतं सांगितलं असतं तरी टोळीने त्याला ढकलून पाठवलं असतं. बायको आयसीयूत आहे हे सगळ्यांना माहीत होतं. पण त्याला वाटलं, होईल. साडेतीनपर्यंत होईल...

तो दवाखान्यात पोचला तेव्हा चार वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. वॉचमनने घड्याळ दाखवलं.

"उद्या सकाळी, काका."

तो बाहेरच्या बाकावरच बसून राहिला. सहा वाजायच्या आत नर्स बाहेर आली आणि तिने किसनचं नाव पुकारलं.

एका प्लॅस्टिकच्या पिशवीत मॅडमच्या वस्तू दिल्या. कंगवा, मंगळसूत्र, चष्मा. आणि कॅल्क्युलेटर.

किसनने तो उघडला नाही.

अकरानंतर तिने काहीतरी लिहिलं असणार. चार वाजून गेल्यावरपण लिहिलं असणार. काय लिहिलं असेल? ती तीन बटणं त्याला पाठ होती. पण हात होईना. आत शेवटचे शब्द होते, आणि ते 'का आला नाहीत' असेच असतील ही त्याला भीती होती.

दिवस करायला गावी जायचं ठरलं. तिसऱ्या दिवशी पहाटे गाडी होती.

आता इथे जे झालं ते नीट सांगायला पाहिजे.

मुंबईतली घाटावरची माणसं गावाला निघाली की घर बंद करायची एक रीत असते. गॅस बंद, मेन स्विच बंद, नळाला फडकं. आणि सगळ्या वस्तूंचे सेल काढायचे. भिंतीवरचं घड्याळ, रिमोट, बॅटरी. राहिले तर आत पाझरतात, गंजतात, वस्तू वाया जाते. किसनच्या घरात हे काम किसनचं. चोवीस वर्षं तोच करायचा.

त्या पहाटेपण त्यानेच केलं. डोकं ठिकाणावर नव्हतं. हात आपलं काम करत होते. एकेक वस्तू उचलायची, झाकण काढायचं, सेल सोबत न्यायच्या पिशवीत टाकायचे...

गावी, नवव्या दिवशी, लाइट गेली. वेणूबाई म्हणाली, "किसना, बॅटरीचं स्याल काडलं हुतंस न्हवं? दे बरं. मला पाय धरून बसाया लागतंय, आंदारात मोरीपातुर कशी जाऊ?" तिचा पाय त्याच दिवशी दगडावरून मुरगळून सुजला होता.

किसनने पिशवी पाटावर उलटी केली.

बॅटरीचे दोन जाडे. घड्याळाचा एक. रिमोटचे दोन. मग चार बारीक...

आणि सगळ्यात शेवटी, घरंगळत, एक नाण्याएवढा.

किसन त्या बटन सेलकडे बघत राहिला.

"काय झालं रं?" वेणूबाई म्हणाली.

"आई, मी दोन्ही काढले."

"काय काडलंस?"

तो बाहेर ओट्यावर जाऊन बसला. स्क्रू त्याने कधी काढला, कशाने काढला, त्याला आठवतच नव्हतं.

तेरावा उरकून ते परत आले. दार उघडायच्या आधीच शेजारची केशरबाई चहाचं भांडं घेऊन आली. तुळशीला पाणी घालायला चावी तिच्याकडे असायची. बाई तोंडाची फटकळ, पण जीव लावणारी.

"आलात? बरं झालं. किसनभावजी, एक विचारू? घरात उंदीर झालेत का?"

"का?"

"टकटक असते आतमध्ये. रोज. मी म्हटलं, उंदीर असेल तर बंद घरात काय खाऊन जगतोय."

केशरबाईने आवाज खाली आणला.

"दुपारचीच असते, भावजी. चारच्या सुमाराला. मी चावी लावून आत गेले की बंद. बाहेर आले की परत... मी दोन दिवस झाले तुळशीला पाणी खिडकीतूनच घालते. खोटं कशाला बोलू?"

किसन सरळ कपाटाकडे गेला. कॅल्क्युलेटर ठेवला होता तिथेच होता. त्याने बटन सेल बसवला, पेन्सिल सेल बसवले, चालू केला.

पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ आली. आठवण पुसली गेली आहे, अशा अर्थाची.

त्याने ती तीन बटणं दाबली.

यादी रिकामी.

अकरा दिवसांचं सगळं गेलं होतं. गोळी, टाकी, दाढी. आणि शेवटचं, न वाचलेलं, तेपण. स्वतःच्या हातांनी घालवलं होतं.

त्याने सगळे सेल परत काढले. आता आत ठेवून काय उपयोग? रिकामा कॅल्क्युलेटर तिच्या साड्यांच्या कप्प्यात ठेवला आणि कपाट लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला नाही. दुपारी मायलेक चहा घेत बसले होते. घड्याळात चार वाजले.

टक.

किसनने बशी खाली ठेवली.

टक... टक टक... टक.

रबराचं बटण दाबल्याचा आवाज. बारीक. पण ओळखीचा. चोवीस वर्षं पुढच्या खोलीतून तो आवाज घरात यायचा.

"उंदीर न्हवं ह्यो," वेणूबाई म्हणाली.

आवाज कपाटातून येत होता.

किसनने कपाट उघडलं. आवाज थांबला. साड्या जशाच्या तशा. त्याने कॅल्क्युलेटर उचलला, उलटा केला. पाठीमागे चार सेलांची जागा रिकामी. स्क्रूचं झाकण उघडं. तेही रिकामं.

त्याने सुलटा केला. वरचं झाकण सरकवलं...

पडदा चालू होता.

काळ्या अक्षरांत ओळी होत्या. एकाखाली एक. खालच्या ओळीपुढे काळा चौकोन उघडझाप करत होता. लिहिणाऱ्याने आत्ताच बोट उचललं असावं तसा.

किसन साड्यांना पाठ लावून जमिनीवर बसला.

"वाच," वेणूबाई म्हणाली. तिला वाचता येत नव्हतं. "आरं वाच की. काय ल्हिलंय?"

त्याने वाचलं. एकेक अक्षर लावत.

"अहो चार वाजले. आला नाहीत."

"अहो चार वाजले. गाडी लागली का?"

"अहो चार वाजले. इथे अंधार केलाय. नर्सना सांगा."

"अहो चार वाजले. नळी काढली वाटतं. आवाज येत नाही तरी."

दिवसाला एक ओळ. गुरुवारपासूनची.

"चार वाजले. आईंचा पाय सुजलाय. त्यांना चालवू नका."

वेणूबाईने पदर तोंडाला लावला.

"नवव्या दिशी सुजला," ती म्हणाली. "गावाला. हितं कुणाला म्हाईत न्हाई. तुझ्या भनीला बी सांगितलं न्हाई म्या."

किसन पुढे वाचत गेला. ओळी लहान होत गेल्या होत्या. 'अहो' गेलं होतं. एका दिवसाच्या ओळीत नुसतं "चार वाजले. पाणी" होतं. त्याच्या पुढे,

"चार वाजले. कोणीतरी यायचं होतं."

त्याच्या पुढे,

"चार वाजले. कोण यायचं होतं?"

आणि शेवटची, आजची,

"चार वाजले."

बाहेर पोरांचा आरडाओरडा चालला होता. कोणीतरी आउट झालं होतं.

पडदा हळूहळू फिका झाला आणि विझला.

वेणूबाई हळूच म्हणाली, "ती अजून तितंच पडून हाय रं, किसना. तिला कुणी सांगितलंच न्हाई."

"काय सांगायचं?"

"ती गेली म्हून."

किसन रडला. ती गेल्यापासून पहिल्यांदा.

त्याला दुसरंच दिसत होतं. ती वाट बघत होती, ते एक. पण ती विसरत चालली होती. दोन्ही सेल त्याने काढले होते. ती गेली हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि आता सांगायला गेलं तरी ऐकणाऱ्याला सांगणारा कोण हे कळणार नव्हतं. रोज थोडं थोडं पुसलं जात होतं.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता तो वाशीला सुलेमानचाचांकडे गेला. मार्केटच्या मागच्या गल्लीत त्यांचं घड्याळ दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. चाचा मूळचे उरणजवळच्या मोरा बंदरातले. सत्तरी उलटलेली. डोळ्याला भिंग लावून बसलेले असतात.

"काय रे किसन, हे काय आनलंस? टीव्हीचा रिमोट का?"

"मॅडमचं आहे."

चाचांनी भिंग काढून ठेवलं. त्यांच्या नातीने मॅडमकडे दोन वर्षं शिकवणी घेतली होती. बसमधून मोठा डबा घेऊन यायची, मॅडमसाठी सुका जवळा असायचा त्यात.

"दे."

त्यांनी पाठीमागून बघितलं. मग किसनने पुडीतून काढून दिलेला जुना बटन सेल मीटरवर लावला. काटा हलला नाही. परत लावला.

"हा कदी बदललेला?"

"आठवत नाही. दहा वर्षं झाली असतील."

"हा मेलेला हाय रे. आज नाय, चार-पाच वर्षांमागेच मेलाय. यानं काय सांभालनार?" त्यांनी आतल्या पत्र्यांकडे बोट दाखवलं. "ह्या बघ, पट्ट्या हिरव्या पडल्यात. मॅडम पेन्सिल सेल येकेक करून बदलत असंल. चारी येकदम कदी काढलेच नसतील तिनं. म्हनून चाललं."

"चाचा, दोन्ही काढले तर आठवण किती वेळ राहते?"

"पाच मिनटं. नशीब असंल तर धा."

"चौदा दिवस?"

चाचा हसले. मग किसनचं तोंड बघून त्यांनी स्टूल पुढे सरकवलं.

किसनने त्यांना सगळं सांगितलं. सांगून होईपर्यंत भिंतीवरच्या सगळ्या घड्याळांत चार वाजत आले होते. काही पुढे होती, काही मागे.

कॅल्क्युलेटर काचेच्या काउंटरवर, सेल नसलेला, उघडा पडला होता.

टक.

एक बटण आत गेलं. आपोआप. आणि वर आलं.

टक... टक.

चाचांनी पाहिलं. किसनने पाहिलं. काचेखालची घड्याळं त्या आवाजाबरोबर किंचित हादरत होती.

चाचा पुटपुटत काहीतरी पढायला लागले. पडदा चालू झाला. त्यावर आदल्या दिवसापर्यंतचं काही नव्हतं. एकच ओळ होती.

"किती वाजले?"

किसनने दोन्ही हातांनी काउंटर धरला.

"चाचा, नवीन सेल टाका. बटनपण टाका, पेन्सिलपण टाका."

"टाकला तरी गेलं ते परत येनार नाय, किसन."

"जे राहिलंय ते तरी राहील?"

"राहील." चाचांनी त्याच्याकडे नीट बघितलं. "पन काय राहील, ते बघ. ती वाट बघतेय, तेवडंच राहिलंय. ते पन पुसून जाऊ दे. मंग ती मोकली. मी तुज्या जागी असतो तर नसता टाकला."

वेणूबाईने घरून निघताना हेच सांगितलं होतं. "नगं घालू स्याल. इसरू दे तिला. इसरली म्हंजी सुटली. तू बांधून ठिवू नगंस."

दोन म्हाताऱ्या माणसांनी एकच सांगितलं. एकमेकांशी न बोलता.

किसनला ते कळत नव्हतं असं नाही.

पण पंचवीस मिनिटं उशीर झालेला माणूस होता तो. तिला एकदा तरी 'आलो' म्हणायचं होतं. मग पाहिजे तर सुटू दे, जाऊ दे. एकदाच...

"टाका," तो म्हणाला.

चाचांनी पट्ट्या घासल्या. नवीन बटन सेल बसवला, स्क्रू आवळला. चार पेन्सिल सेल बसवले. हातावरची धूळ झटकली आणि कॅल्क्युलेटर न बघता पुढे सरकवला.

"हा घेऊन जा. आनि माज्या दुकानात परत आनू नको. राग मानू नको."

सेलचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

घरी गेल्यावर किसनने पाहिलं. "किती वाजले?" ही ओळ तशीच होती. विझली नव्हती. चौकोन खाली उघडझाप करत होता.

दुसऱ्या दिवशी तो साडेतीनलाच पलंगावर बसला. दाढी केली होती. धुतलेला शर्ट घातला होता. वेणूबाईने बघितलं आणि ती केशरबाईकडे जाऊन बसली.

एबीसीडी कुठल्या बटणावर कुठे आहे हे शोधत, एका बोटाने, त्याने लिहिलं. पाच-सहा अक्षरांना दहा मिनिटं लागली.

"मी आलो."

चार वाजले.

त्याने बोट काढून घेतलं आणि हात मांडीवर ठेवले.

बराच वेळ काही झालं नाही. त्याला वाटलं, झालं. संपलं. सुटली.

मग पलंगावर त्याच्या शेजारची गादी किंचित दबली... कोणी आडवं पडून कुशीवर वळावं तशी. दवाखान्यातल्या औषधाचा वास आला. बटण खाली गेलं.

टक... टक टक...

अक्षरं एकेक करून उमटली. ती नेहमी लिहायची तशी, मधे थांबत, दम घेत.

"आपण कोण?"

किसनने लिहिलं. घाईत चुकलं, पुसलं, परत लिहिलं.

"किसन."

टक... टक.

"कोणाकडे आलात?"

दवाखान्याच्या बाकावर बसलेली माणसं एकमेकांना हेच विचारतात. किसनला अकरा दिवस सगळ्यांनी विचारलं होतं. तो सांगायचा, मिसेसकडे. आता त्याला काय लिहावं ते सुचेना. 'तुझ्याकडे' लिहावं तर ती घाबरेल. अनोळखी माणूस. त्याने बोट बटणांवर फिरवलं आणि मागे घेतलं.

चौकोन उघडझाप करत राहिला. चार वाजून दहा मिनिटं झाली आणि गादी वर आली. वास गेला.

तेव्हापासून आज वर्ष होत आलं. मार्केटमध्ये किसन दुपारची गाडी घेत नाही. टोळी समजून घेते. रोज चारला तो पलंगावर बसतो. सेल एकेक करून बदलतो. एक काढायचा, लगेच नवीन घालायचा, मग दुसरा. वेणूबाई त्या वेळी घरात थांबत नाही. ती एकदाच बोलली, मागच्या महिन्यात. "तुझ्यापायी ती आडाकलीया." त्याने कॅल्क्युलेटर पुसून परत पलंगावर ठेवला.

ती आता रोज तेच विचारते. आपण कोण? कोणाकडे आलात? काल विचारलेलं तिला आज आठवत नाही. रोज तो नाव लिहितो आणि पुढे अडतो.

परवा मात्र त्याने लिहिलं. खूप दिवस मनात होतं ते.

"आमच्या मिसेसकडे आलोय. मला उशीर झाला."

गादी तशीच दबलेली होती. दहा मिनिटांची वेळ संपत आली तरी बटण हललं नाही. चार वाजून नऊ मिनिटांनी टकटक सुरू झाली. सावकाश.

"बसा ना. आमचे हे पण येतीलच आता."

किसन तिच्या शेजारी बसून राहिला. त्या दिवशी पाच वाजले तरी गादी वर आली नाही.